बंगल्याची सहावी खिडकी

साताऱ्याच्या बांधकाम खात्याच्या कचेरीत मी ट्रेसर, म्हणजे नकाशे काढणारी, म्हणून लागले, त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. इंग्रजांच्या काळातला एक बंगला जतन करायचं ठरलं आणि त्याचा मूळ नकाशा वाळवीनं खाल्ल्याचं लक्षात आलं. नवा काढायचं काम माझ्याकडे आलं.

आमचे साहेब सांगलीचे. त्यांनी समजावलं की ही जॉर्जियन धाटणी: मधोमध दार, त्यावर त्रिकोणी कपाळ, दोन्ही अंगांना सारख्या खिडक्या. उजवीकडे जे आहे ते डावीकडे असलंच पाहिजे. मी टेप घेऊन गेले. टेपचं दुसरं टोक धरायला बंगल्याचे चौकीदार होते, माण तालुक्याकडचे, निवृत्तीला आलेले. मी त्यांना मामा म्हणायचे.

समोरच्या खिडक्या बाहेरून सहा भरल्या, आतून पाच. जिथे सहावी यायला हवी तिथे आत शेकोटी होती आणि तिचं धुराडं भिंतीतून वर गेलं होतं. मी पाचच काढल्या.

साहेबांनी नकाशा परत पाठवला. मी पुन्हा मोजून पाचच दाखवल्या. मग मोजमापात हलगर्जी का झाली, अशी लेखी विचारणा आली. नोकरी अजून कायम व्हायची होती. घरी काही बोलले नाही. डबा खाल्ला गेला नाही, आई विचारेल म्हणून वाटेत गाईला घातला.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा मामा बाहेरून तीच खिडकी पुसत होते. त्यांना विचारणेचं सांगितलं. त्यांनी सावकाश फडकं पिळलं.

"आवं बाई, ती खिडकी न्हाईच. मागं भिंत हाय. शोभंसाठी नुसत्या झडपा बसवल्यात."

इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाही, तर कुणी विचारलं नाही, म्हणाले. मग पुसता कशाला, असंही मी विचारलं.

"बाकीच्या पुसतो. हिनंच काय केलंय?"

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले. मामांनी खिळे काढून झडपा उघडल्या. मागे काळा दगड. साहेबांनी त्यावर बोटांनी टकटक केली आणि धाटणी राखायची तर असंच करावं लागतं, असं म्हणून झडपा लावून घ्यायला सांगितल्या. माझी माफी वगैरे काही मागितली नाही. विचारणेचा कागद मात्र फायलीतून काढला गेला, आणि नकाशावर त्यांनी माझ्याच पेनानं लिहिलं: 'खिडकी, देखाव्याची.' मला त्या रात्री चांगली झोप लागली.

पुढे डागडुजी निघाली तोवर मामा निवृत्त होऊन गावी गेले होते. कुजलेल्या झडपा सगळ्याच बदलल्या. काम तपासायला मलाच पाठवलं. सहाव्या खिडकीला नव्या बिजागऱ्या होत्या, आतून लावायची पितळी कडीही होती, भिंतीच्या बाजूला. ठरलेल्या कामात प्रत्येक खिडकीला एक कडी होती. मी पास केली.