सावळाराम मास्तरांची अंगठी

सावळाराम मास्तरांचा वर्ग दिसायच्या आधी ऐकू यायचा. भोरच्या वेशीजवळच्या त्या हायस्कुलाच्या पायऱ्यांवर पाय ठेवला की आतून मास्तरांचा आवाज यायचा. भरदार, खर्जातला, दरबारात राजा प्रवेश करतो तसा. अनोळखी माणसाला वाटावं, आत कुणी सहा फुटी पुरुष उभा आहे. प्रत्यक्षात मास्तर हडकुळे, खांद्यात वाकलेले, कोटाची कोपरं विरलेली. आणि तो आवाज रंगमंचावर एकदाही ऐकला गेला नव्हता. तो अकरा वर्षं विंगेत राहिला होता.

मास्तर मूळचे राजगडाच्या पायथ्याच्या पालीचे. शेतकऱ्याचा पोर पुण्याला राहून मॅट्रिक झाला. बापाला वाटलं, आता कचेरीत चिकटेल. हा पठ्ठ्या पळाला तो एका फिरत्या नाटक कंपनीत. गळा पदांना चालेना, चेहऱ्याला रंग शोभेना. पण संहिता तोंडपाठ. मालकांनी त्याला प्रॉम्प्टर केलं. विंगेच्या अंधारात उभं राहून नटांना शब्द पुरवायचे, हे त्याचं काम. नट अडला की पहिला घाम सावळारामाला फुटायचा. समोरचे हजार डोळे नटाकडे बघताहेत आणि नटाच्या तोंडात शब्द नाही, याच्यासारखा नरक नाही, असं तो म्हणायचा. आपल्या हातून कुणाला तो नरक दिसू द्यायचा नाही, हा त्याचा धर्म झाला.

कुजबूज पुढच्या रांगांना ऐकू जायची, म्हणून त्याने युक्ती काढली. मालकांनी दिलेली पंचधातूची जाड अंगठी उजव्या हातात होती, ती विंगेच्या लाकडावर वाजवायची. एक ठोका, म्हणजे इथे थांब. दोन ठोके, वाक्य संपलं, पुढे चल. आणि अंगठी लाकडावर खर्रकन ओढली, की अवघड वाक्य येतंय, छातीत दम भरून घे. नटांना तिची इतकी सवय झाली की तिच्याशिवाय ते उभेच राहीनात. पुढे बोलपट आले, कंपनी साताऱ्याच्या मुक्कामात मोडली, पडदे लिलावात गेले. सावळाराम मॅट्रिकचा कागद घेऊन भोरला आला आणि मास्तर झाला. अंगठी बोटातच राहिली. बोटाचा सांधा सुजला होता, ती आता निघतही नव्हती.

वर्गात मास्तर इंग्रजी उतारा वाचून दाखवायचे आणि पोरं तो ऐकून लिहायची. टेबलावर एक ठोका, दोन ठोके, खर्र. अकरा माना एकदम खाली जायच्या, अकरा टाक एकदम थांबायचे. शाळेचा शिपाई चिमाजी दाराशी घंटेची दोरी धरून उभा असायचा. एकदा म्हणाला, "मास्तर, रागवू नका, पन तुमच्या पोरास्नी इंग्रजी येतंय का अंगठी येतीय?"

"चिमाजी, तू घंटा वाजव."

"म्या वाजवतोच की. तुमी बी तेच करताय."

मास्तर हसले. पोरंही हसली. सगळ्यांत मोठ्याने हैबती हसला.

हैबती हिर्डोशीचा. वरंधा घाटाच्या वाटेवरचं ते गाव, भात आणि नाचणीचं. तिथून भोर म्हणजे दिवसभराची पायपीट. थोरला भाऊ तापात गेला होता, घरात कामाला बापाचेच दोन हात. तरी मास्तरांनी दोनदा जाऊन बाप रखमाजीला गळ घातली. मुलगा मास्तरांच्या पडवीत राहायचा, त्यांच्या बायकोच्या, चंद्राबाईंच्या हातचं जेवायचा, विहिरीचं पाणी भरायचा. मॅट्रिकच्या वर्गात गेला तेव्हा रखमाजी स्वतः आला, पडवीच्या कडेला उकिडवा बसला.

"मास्तर, यंदाचा फाल्गुन शेवटला. परीक्षा पास झाला तर त्यो तुमचा. न्हाई झाला तर माझा. माझ्या अंगात आता नांगर उचलायचा जोर न्हाई."

"होईल पास. त्या सगळ्या खोऱ्यात पहिला मॅट्रिक तुमचा मुलगा असेल."

"तुमी म्हणताय म्हंजी झालंच," असं म्हणून रखमाजीने आणलेले नवे तांदूळ चंद्राबाईंच्या पुढ्यात ठेवले आणि उन्हाआधी वाट धरली.

त्या वर्षी शाळेने नवा नियम काढला. मॅट्रिकला बसायचे फॉर्म सरसकट पाठवायचे नाहीत. पुण्याहून परीक्षक येतील, इंग्रजी ऐकण्याची आणि वाचण्याची परीक्षा घेतील, त्यात उतरेल त्याचाच फॉर्म जाईल. पौषात परीक्षक आले. पांढरीशुभ्र पगडी, चकचकीत बूट, स्वभावाने वाईट नाहीत. त्यांनी कागद हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. आवाजाला ना चढ, ना उतार. बाकांच्या मागून चालत, मध्येच पाठ फिरवून, खिडकीबाहेर बघत वाचत होते. वाक्य कुठे संपलं ते कुणी सांगत नव्हतं.

मास्तर दाराशी उभे होते. त्यांनी पाहिलं, अकरा टाक हवेत थांबलेत. पोरांच्या माना टेबलाकडे वळल्यात. टेबल मुकं होतं. हैबतीच्या कपाळावर, त्या थंडीत, घामाचा थेंब आला आणि नाकाच्या शेंड्यावरून कोऱ्या कागदावर पडला. मास्तरांना तो घाम ओळखीचा होता.

अकरा जणांपैकी दोघे उतरले, दोघेही भोरच्या वकिलांच्या घरचे. मग वाचनाची पाळी आली. हैबती उभा राहिला, पुस्तक हातात घेतलं आणि असा वाचत गेला की परीक्षकांनी मान वर केली. अर्थ विचारला, त्याने अर्थ सांगितला. मुद्दाम अवघड पान काढून दिलं, तेही वाचलं.

"असं वाचणाऱ्या मुलाने कागद कोरा कसा ठेवला?" परीक्षकांनी विचारलं. मास्तर पुढे झाले. "साहेब, घाबरला. एक संधी द्या."

परीक्षकांनी विचार केला. "ठीक आहे. त्याला माझ्या आवाजाची सवय नसेल. तुम्हीच वाचा. फक्त मुलाच्या मागे उभे राहून वाचा."

एवढं उदार कोण असतं? मास्तरांना त्यांचे पाय धरावेसे वाटले. ते शेवटच्या बाकामागे गेले. नवा उतारा हाती आला. पुढे हैबतीची पाठ, शेंडीची गाठ, ताठ झालेले कान. मास्तर वाचू लागले. आवाज सुरुवातीला कापला, मग लागला, मग विंगेतल्यासारखा वाहू लागला. समोर एकटा नट आणि त्याच्याकडे बघणारे डोळे. मास्तर सगळं विसरले, फक्त त्याला अडू द्यायचं नाही एवढंच उरलं. हैबतीचा टाक धावत होता. वाचून संपलं तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

परीक्षकांनी कागद घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला.

"यात एकही चूक नाही," ते म्हणाले. "आणि म्हणूनच मला हा घेता येत नाही. मास्तर, तुमचा उजवा हात बघा."

मास्तरांनी पाहिलं. हात बाकाच्या फळीवर होता. फळीचा रंग खरवडून ताजी पांढरी रेघ उठली होती. आपण वाजवतोय हे त्यांना कळलंच नव्हतं. दाराशी चिमाजीने मान खाली घातली.

"साहेब, मुद्दाम नाही हो... देवाशपथ..."

"मुद्दाम की सवयीने, ते मी ठरवू शकत नाही. मुलाला खूण मिळाली, त्याने घेतली." त्यांनी शाळेच्या नोंदवहीत हैबतीच्या नावापुढे एक ओळ लिहिली. परीक्षेत लबाडी केली, सबब फॉर्म पाठवू नये. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि वही मिटली.

हैबतीने टाक पुसला, दौतीला बूच लावलं. संध्याकाळी चंद्राबाईंच्या रांजणात पाणी भरून ठेवलं आणि पहाटे पडवी रिकामी होती.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी परीक्षकांच्या नावे इंग्रजीत जबानी लिहून काढली. दोष सर्वस्वी माझा, मुलाने काही मागितलं नव्हतं, त्याच्या नावापुढची ओळ खोडावी. हेडमास्तरांनी ती वाचली, घडी घातली.

"सावळाराम, हे पुढे गेलं तर तुम्ही जाल, आणि शाळेचं नाव जाईल. त्या दोघांचेही फॉर्म अडतील. मुलगा शेतकऱ्याचा आहे, त्याला शेत आहे. तुम्हाला काय आहे?"

त्यांनी कागद खणात ठेवला. मास्तर वर्गावर गेले. तो खण त्यांनी पुन्हा उघडायला सांगितला नाही.

आठवड्याने त्यांनी सोनाराकडून अंगठी कापून घेतली. सोनाराने विचारलं, जोडून देऊ का? मास्तर म्हणाले, नको. बोटाभोवती कातडीचा पांढरा खळगा राहिला. रविवार साधून ते हिर्डोशीला निघाले. पहाटे निघाले ते दिवस कलताना पोचले. रखमाजीच्या अंगणात नाचणीचा पेंढा रचलेला, हैबती पेंढ्या बांधायला विळ्याने वेल कापत होता. त्याची आई धोंडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, पण नेहमीसारखं हसली नाही.

रखमाजीने घोंगडी अंथरली. "बसा मास्तर. एक इचारतो. पोरगं सांगत न्हाई. वहीत लबाडी लिवलीय म्हनं. कुनाची लबाडी?"

"माझी."

"मंग नाव ह्याचं का लागलं?"

मास्तरांच्या अकरा वर्षांच्या प्रॉम्प्टिंगमध्ये असा प्रश्न आला नव्हता. शब्द पुरवायला विंगेत कुणी नव्हतं. "पुढल्या वर्षी बसू दे त्याला," ते कसेबसे म्हणाले. "दुसऱ्या शाळेत घालतो. पुण्याला घालतो."

"वही मागतील की तितं," हैबती म्हणाला. त्याने मास्तरांकडे न बघता विळा दगडावर पालथा ठेवला. "मास्तर, मला योक सांगा. तवा अंगठी वाजली नसती, तर म्या लिवलं असतं का?"

मास्तरांना हेच ठाऊक नव्हतं. आठवडाभर त्यांना झोप नव्हती ती याच प्रश्नामुळे. त्यांनी कोटाच्या खिशातून कागद काढला. परीक्षकांनी पहिल्यांदा वाचलेला उतारा होता तो, ज्याला हैबतीचा कागद कोरा राहिला होता. "माझ्याकडे पाठ फिरवून बस," ते म्हणाले. दोन्ही हात त्यांनी मागे बांधले, कागद घोंगडीवर ठेवला आणि वाकून वाचू लागले. ना चढ, ना उतार. त्यांना जमेल तितकं पुण्याच्या साहेबांसारखं. रखमाजी आणि धोंडाबाई न कळणारे शब्द ऐकत देवापुढे बसावं तसे बसले होते.

वाचून झालं. हैबती कुडाकडे तोंड करून म्हणाला, "समुद्राकाठी दिव्याचा मनोरा हाय. म्हातारा राखणदार हाय. धुकं लई पडलंय, दिवा दिसंना, म्हणून त्यो घंटा वाजवतोय. बोटीवरचे लोक घंटा ऐकत्यात, पन ती कुठनं वाजती ते त्यास्नी उमगत न्हाई. ते घंटेच्याच रोखानं येत्यात. हितं उतारा संपतो."

एक शब्द सुटला नव्हता.

"येतंय तुला," मास्तर पुटपुटले. "सगळं येतंय."

"त्या दिशी म्या ऐकतच नव्हतो, मास्तर. ठोक्याची वाट बघत हुतो."

धोंडाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. रखमाजीने पेंढ्यातून निसटलेली एक काडी परत आत खोचली. मग म्हणाला, "फाल्गुनाचं ठरलं हुतं. फाल्गुन यायच्या आधीच झालं, एवढंच."

पुढे रखमाजीने अंथरूण धरलं. शेत भाऊबंदांकडे गेलं आणि हैबती घाट उतरून महाडमार्गे मुंबईला गेला. गोदीत ओझी वाहतो, असं कुणी सांगायचं. पत्र कधी आलं नाही. मास्तर पुढची नऊ वर्षं शिकवत राहिले. उतारा वाचताना ते हात कोटाच्या खिशात घालायचे, खिडकीकडे बघून वाचायचे. पोरं आधी चुकायची, रडायची, मग हळूहळू ऐकायला शिकायची. दरसाल चार-पाच मॅट्रिकला उतरायची. मास्तरांचं कुणी कौतुक केलं की ते विषय बदलायचे.

सेहेचाळीस साली हेडमास्तर निवृत्त झाले आणि त्यांचे खण रिकामे करायचं काम चिमाजीवर आलं. तो एक पिवळी घडी घेऊन मास्तरांच्या वर्गात आला. शाळा सुटली होती.

"मास्तर, हे तुमचं अक्षर न्हवं?"

मास्तरांनी कागद उलगडला. पहिली ओळ मनात वाचली आणि थांबले. मग उभे राहिले. रिकाम्या बाकांसमोर, त्या खर्जातल्या आवाजात, त्यांनी ती जबानी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. इंग्रजीचं एक अक्षर न कळणारा चिमाजी घंटेची दोरी हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"झ्याक वाचलंत," तो म्हणाला. "पन कुनाला लिवलं व्हतं?"

"द्यायचं राहिलं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कागदाची पुन्हा पहिल्यासारखीच घडी घातली.