पौलाचं पत्र आणि डोक्यावरचा पदर

"सर, एका वाक्यात सांगा. बाई उपदेश करू शकते का नाही?"

आमच्या चर्चचे सेक्रेटरी सॅम्युएलराव हे फार सभ्यपणे म्हणाले. मी तेव्हा अकराव्या स्लाइडवर होतो. एकूण स्लाइड्स अडतीस होत्या.

झालं होतं असं की आमच्या पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, बदली झाली. नवे यायला वेळ होता. तोवर रविवारचा उपदेश रूथने करावा, असं काहींना वाटत होतं. रूथ कुही गावची, सेमिनरीतली, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या कॉलेजातली, माझी विद्यार्थिनी. शिक्षण संपून चार वर्षं झाली तरी तिच्या वाट्याला फक्त लहान मुलांचे वर्गच आले होते. तिने मला स्पष्ट सांगितलं होतं, "सर, यंदा नाही जमलं तर मी हे सोडून देते. किती वाट पाहू?"

म्हणून शनिवारी दुपारी महाल भागातल्या आमच्या हॉलमध्ये कमिटी बसली आणि तज्ज्ञ म्हणून मला बोलावलं. अडचण एका ओळीची होती. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात बायकांनी सभेत गप्प राहावं असं म्हटलं आहे. सॅम्युएलरावांनी ती ओळ लाल पेनाने अधोरेखित करून आणली होती.

मी अर्थनिर्णयशास्त्र शिकवतो. जुना ग्रंथ कसा वाचायचा, त्याचं हे शास्त्र. विषयाचं नावच एवढं लांब, तर माणूस एका वाक्यात कसा आटोपणार? मी सुरूच राहिलो. पूर्वीचे आचार्य शब्दाशब्दांत गूढ अर्थ शोधत. मध्ययुगात एकेका वचनाचे चार-चार अर्थ लावत. मग सुधारक आले आणि म्हणाले, सरळ अर्थ घ्या. पुढे अभ्यासक विचारू लागले, हे कोणी लिहिलं, कोणाला, कुठल्या भांडणात? आणि आता विचारतात, वाचणारा कोण आहे?

"मंग त्या चार अर्थांतला आमचा कोणता, सर?" एका सदस्याने विचारलं.

"तसं नसतं," मी म्हणालो आणि पुढची स्लाइड लावली. मागच्या खुर्चीवर रूथ मान खाली घालून बसली होती. ते पाहूनही मी थांबलो नाही, याची मला आजही लाज वाटते.

थांबवलं ते मार्थाबाईंनी. त्या निवृत्त नर्स, कमिटीतल्या एकट्या बाई.

"थांबा ना जी जरा. सॅम्युएलभाऊ, याच पत्रात तीन अध्याय मागं जा. बाईनं प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं, असं लिहून आहे का नाही?"

सॅम्युएलरावांनी पानं उलटली. "आहे."

"मंग मले सांगा, बाईनं तोंडच उघडायचं नाही, तर पौलानं तिले बोलताना पदर घ्यायले काहून सांगितलं?"

सॅम्युएलरावांनी ते वचन पुन्हा वाचलं, मग पेनाला टोपण लावलं.

धर्मग्रंथातल्या एका वचनाचा अर्थ त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या वचनाने लावायचा, ही फार जुनी रीत. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी हेच शिकवतो. त्या दिवशी मात्र मला ते बाळबोध वाटलं, म्हणून मी गाळलं होतं.

ठराव मंजूर झाला. रूथने उपदेश करावा, डोक्यावर पदर घेऊन. ती इतकी मोकळी हसली की माझा अपमान मी तिथल्या तिथे विसरलो. दुसऱ्याच मिनिटाला तिने माझ्या कानाशी विचारलं, "सर, मी तर ड्रेस घालते. पदर कुठून आणू?"

दोन हजार वर्षांत अर्थ लावण्याच्या पद्धती कितीही बदलल्या असोत, मत द्यायला जाताना पत्र पूर्ण वाचून जावं, एवढा धडा मी घेतला. पुढच्या शनिवारी कमिटी पुन्हा बसली. ओढणीला पदर म्हणावं का, हा विषय होता. तज्ज्ञ म्हणून या वेळी मार्थाबाईंनाच विचारलं. चहा यायच्या आत निकाल लागला, आणि दुसऱ्या दिवशी रूथ ओढणी घेऊन बोलायला उभी राहिली.