साडेपाच तासांचा फरक

चूक माझी होती. दवाखान्यांसाठीच्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सकाळी अकराची अपॉइंटमेंट पहाटे साडेपाचची दिसू लागली, तेव्हा मी ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ज्युनिअर मुलीला म्हणालो, "मॅडमना घड्याळ तरी कळतं का?"

नंतर लक्षात आलं, प्रोग्रामिंगच्या भाषेचीच तयार लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा कोड, तीच वेळ एकीकडे भारतीय आणि दुसरीकडे साडेपाच तास मागची ग्रीनिचची म्हणून साठवत होती. त्या मुलीचं काम तपासून पास तर मीच केलं होतं.

इंदिरानगरच्या घरात मी एकटा राहतो, तिथूनच काम करतो. "सर, चहा झाला का?" असा तिचा दुपारचा फोन यायचा, तो बंद झाला. घरात दिवसभर कोणाचाच आवाज नसे.

शेवटी मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोरच म्हणालो, "घड्याळ मलाच कळलं नव्हतं. माफ करा, मॅडम."