वाकळीसाठी मशीन बघताना

शिवणाच्या वर्गात चिंध्या आणि किस्से दोन्ही साठत जातात. चिंध्यांची निदान वाकळ होते. किस्से तसेच पडून राहतात, आणि चार बायका जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "बाई, ते दुकानातलं सांगा की!"

मी तेव्हा भूमला महिला मंडळात शिवण शिकवायची. निजामी जाऊन काही वर्षं झाली होती, जिल्हा मुंबई राज्यात आला होता, आणि आमच्या मंडळाला एक शिलाई मशीन मंजूर झाली होती. बायकांना ती हवी होती वाकळीसाठी. जुनी लुगडी, धोतरं, उरलेले तुकडे जोडायचे, थरावर थर घालायचे आणि वरून धावदोरा. बोटांना घट्टे पडायचे. पण मशीन एकच मिळणार होती. चुकीची निवडली तर दुसरी कोण देणार?

* * *

आम्ही एसटीनं बार्शीला गेलो. मी, मंडळाच्या अध्यक्ष वत्सलाकाकू, शेजारच्या रझियाभाभी, आणि गल्लीतल्या सगळ्या वाकळा ज्यांच्या हातच्या त्या गंगूमावशी. सोबत पुरुष माणूस हवं म्हणून काकूंचे यजमान अण्णा. ते तहसील कचेरीत कारकून होते.

दुकानदारानं पहिली मशीन पुढं केली आणि मलमलीचं फडकं दिलं. "चालवून बघा बाई, कशी लोण्यासारखी जाते!"

काकूंनी पिशवीतून घरची जाडजूड वाकळ काढली आणि सुईखाली सारली. मशीन एकदा कण्हली, आणि सुई मोडली.

दुकानदार वैतागला. "अहो, ही मशीन हाय, बैल न्हाय!"

गंगूमावशी शांतपणे म्हणाल्या, "मग बैल दाखवा की!"

* * *

दुसरी दाखवली ती हातमशीन. उजव्या हातानं दांडा फिरवायचा, डाव्या हातानं कापड सरकवायचं. झबल्याला ठीक आहे, पण वाकळीचं वजन एका हाताला कसं आवरावं?

रझियाभाभी दांड्याला बसल्या, काकू वाकळ ओढायला. भाभींनी वेग घेतला की काकू म्हणायच्या "हळू!", आणि काकूंनी ओढलं की भाभी म्हणायच्या "ठैरो!" शिवण अशी गेली, जणू भूमहून निघून वाटेत चार गावं हिंडून आली.

भाभींनी दांडा सोडला, कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "अल्लानं हात दो दिये बाई, इस मशीनकू तीन होना!"

* * *

मग पायमशिनी बघितल्या. अण्णांचं मन एकीवर बसलं. काळीभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. "हीच घ्या. शोभिवंत आहे."

मी सांगितलं, वाकळ शिवताना तिची गुंडाळी करून मशीनच्या पोटातून न्यावी लागते. सुई आणि पलीकडचा खांब यांच्यात जागा ऐसपैस हवी. काकूंनी वीत लावून बघितली. सोनेरीत वीत बसेना. कोपऱ्यातल्या एका साध्या, रंग उडालेल्या मशीनमध्ये वीत बसून वर चार बोटं उरली. जाड वाकळही तिनं कुरकुर न करता ओढली.

काकू म्हणाल्या, "नुसती वेलबुट्टी बघून पसंत करायची का? मला बघायला आला होतात, तेव्हाही तुम्ही असंच केलंत!"

अण्णा म्हणाले, "मग? कुठं फसलो?"

काकू लाजून लाल झाल्या. दुकानदारही हसला. पण मशीन काकूंनी कोपऱ्यातलीच घेतली!

* * *

मशीन आली त्या दिवशी पहिला मान काकूंचा. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि काकूंनी पाय मारायला सुरुवात केली. काय तो वेग! एक कड झाली, दुसरी झाली. आम्ही कौतुकानं बघत राहिलो.

तेवढ्यात अण्णा दारात आले. "अहो, घरी पाहुणे आलेत."

काकूंनी दोरा तोडला, लगबगीनं उठल्या आणि चालू लागल्या. मागोमाग अख्खी वाकळ फरफटत निघाली. काकूंचा पदर कडेला पक्का शिवला गेला होता!

अण्णांनी खाली बघितलं, वर बघितलं आणि विचारलं, "काय, आज मुक्काम इथंच होता का?"

* * *

मशीनचा बोभाटा झाला तसे लोक सल्ल्याला यायला लागले. सोनारीचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. त्यालाही घरी मशीन घ्यायची होती, आणि आमच्यासारखीच. मी त्याला सगळं समजावलं. तो माना डोलवत होता. ती भिंतीला टेकून गप उभी.

मी म्हटलं, "चालवणार कोण? तिला बसू द्या की."

ती स्टुलाच्या कडेवर कशीबशी टेकली आणि लगेच उठली. "बाई, खाली बसून चालंल अशी न्हाय का?"

"आहे, हातमशीन. पण वाकळीला ती जड जाईल. ही का नको?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग हळूच म्हणाली, "म्या वर बसले, तर सासूबाई कुठं बसत्याल?"

त्यांनी हातमशीन घेतली. पुढच्या खेपेला भेटली तेव्हा हसत होती. म्हणाली, "म्या कापड धरती, दांडा सासूबाई फिरवत्यात. सोडतच न्हाईत!"

* * *

गंगूमावशींनी मात्र आमच्या मशीनला कधी हात लावला नाही. "वाकळ हातानंच मऊ व्हती," म्हणायच्या, आणि आमच्या शेजारी बसून आपली सुई चालवायच्या.

त्या हिवाळ्यात त्यांचे यजमान, दगडूतात्या, गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी मावशी वर्गात आल्या. बगलेत बोचकं. सोडलं तर तात्यांची धोतरं, दोन बंड्या, फेटा.

"बाई, याची वाकळ करा. मिशिनीवर."

मला नवल वाटलं. "मावशी, तुम्ही? मशीनवर?"

त्यांनी फेट्यावरून हात फिरवला. "हातानं शिवाय बसते, पर हात हलंना. मिशिनीचं काय, तिला ते ठावं न्हाईत."

मी आणि काकूंनी ती वाकळ दोन दिवसांत शिवली. मावशी तेवढा वेळ दारात पाठमोऱ्या बसून होत्या. झाल्यावर घडी करून, छातीशी धरून घेऊन गेल्या.

पुढं उन्हाळ्याच्या तोंडाला मी त्यांच्या घरावरून जात होते. मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या, मांडीवर तीच वाकळ. मशीनचा एकेक टाका उसवत होत्या, आणि उसवलेल्या जागी हातानं धावदोरा घालत होत्या. निम्मी झाली होती.

मी थांबले. "मावशी, काय बिघडलं हो? शिवण सुटली का?"

त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि वर बघितलं.

"न्हाय बाई. आता जमतंय."