माझं नाव घेतलं म्हणून

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघं वाल सोलत होतो. मुलुंडच्या आमच्या खोलीत, खिडकीखाली, मध्ये परात. मोड आलेला वाल चिमटीत दाबायचा, साल उडते, डाळिंबी हातात येते. तिचा हात भराभर चालायचा, माझा नाही. माझ्या बोटांना पाना धरायची सवय. मी चेपूनच टाकायचो.

"अहो, बिरडं करायचंय, पिठलं नाही," ती म्हणाली.

मग थोड्या वेळानं, मान वर न करता म्हणाली, "काल पॅकिंगमधली एक बाई तोंडावर बोलली मला. म्हणाली, मॅडम, तुम्ही घाबरलात. तुम्ही तो मोठा कोर्स केला असतात तर त्या खुर्चीत तुम्ही असतात. हा बाहेरचा माणूस आला नसता, आमचा हॉल बंद व्हायची वेळ आली नसती."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? गप्प बसले."

मी पुढचा वाल चिमटीत घेतला. खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. बिरडं झालं, जेवलो. जेवून ती आडवी झाली ती उठलीच नाही. नाक्यावरचा डॉक्टर आला, त्यानं डोळे बघितले आणि बॅग उघडलीसुद्धा नाही. सेहेचाळीस वर्षांची होती. दिवेलागणीच्या आत सगळं आटपलं.

आम्ही दोघं एकाच औषधाच्या कंपनीत. मी फिटर, चौथी शिकलेला. ती मॅट्रिक. गोळ्या पॅक करायला लागली आणि पंधरा वर्षांत सुपरवायझर झाली. आम्हाला मूलबाळ नव्हतं, तेव्हा घर काय आणि कंपनी काय, दोन्हीकडे आम्हीच दोघं. ऐंशी साल उलटल्यावर कंपनीत नवे साहेब आले. त्यांच्या डोक्यात आलं की खालच्या माणसांतूनच मॅनेजर घडवायचे. म्हणून तिला अंधेरीच्या एका संस्थेत मॅनेजमेंटच्या वर्गाला घातलं. वर्षभर, दर शनिवार-रविवार. वर्गात सगळे चाळिशीचे, कोणी बँकेतला, कोणी इंजिनियर, टाय लावून येणारे. मशीनवरून आलेली ही एकटी.

पहिल्या रविवारी घरी येऊन म्हणाली, "पुढच्या आठवड्यात दोन केस करायच्यात."

मी म्हटलं, "कोणावर?"

आमच्याकडे केस म्हणजे कोर्टातली, नाहीतर डोक्यावरचे. ती हसून हसून खाली बसली. मग सांगितलं की कुठल्या तरी कंपनीची अडचण छापून हातात देतात आणि विचारतात, तुम्ही साहेब असतात तर काय केलं असतंत?

"साहेबाची अडचण साहेबानं सोडवावी," मी म्हटलं. "पगार कशाचा घेतो?"

खोटं कशाला बोलू, त्या वर्गानं ती बदलली. पूर्वी मशीन अडलं की ओरडायची. आता विचारायची, "तुम्हाला काय वाटतं, का अडतंय?" आणि विचारून झालं की तोंड बंद. समोरचा बोलेपर्यंत थांबायची. आधी बायका एकमेकींकडे बघायच्या, मग बोलायला लागल्या. दिवसभर उभं राहून पाय सुजतात हे इतक्या वर्षांत कोणी साहेबाला सांगितलं नव्हतं, ते निघालं. हिनं भांडून उंच स्टुलं आणवली. फुटक्या गोळ्यांचा ढीग कमी झाला. वर्ष संपलं तशी ती पॅकिंगची असिस्टंट मॅनेजर झाली. पेढे मीच वाटले. हेही लिहून ठेवतो, नाहीतर वाटायचं मी पहिल्यापासूनच कपाळाला आठ्या घालून बसलो होतो.

वर्गात तिला आणखी एक शिकवलं होतं. हाताखालच्या प्रत्येक माणसाला नावानं हाक मारायची. आमच्याकडे तोवर "ए तीन नंबर", "ए चष्मेवाली" असंच चालायचं. तिनं वहीत सगळ्यांची नावं उतरवली आणि पोळ्या लाटताना पाठ केली. सव्वाशे माणसं. एक नाव सोडून. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. हॉलमध्ये माझी गरज लागली की ती म्हणायची, "फिटरना बोलवा." सगळे गालातल्या गालात हसायचे. मला बरं वाटायचं.

पुढे मी माती खाल्ली. एका मशीनची जाळी वरचेवर काढावी लागायची. हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी. मला कंटाळा आला, मी ती काढून भिंतीला टेकवून ठेवली. दोन दिवसांनी एका पोरीचं बोट आत गेलं. नख गेलं, बोट वाचलं.

दर शुक्रवारी ती सगळ्यांना उभं करून आठवड्यात काय चुकलं ते बोलायची. ज्याचं चुकलं त्याचं नाव घ्यायची आणि काय झालं ते त्यालाच सांगायला लावायची. त्या शुक्रवारी ती उभी राहिली, पदर खांद्यावर घेतला आणि माझं नाव घेतलं. आडनावासकट. "यांनी जाळी काढली होती. का काढली, ते तेच सांगतील."

आणि मागून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, उखाण्यात घ्या की!"

सगळा हॉल फुटला. तीही हसली. जराशीच, पण हसली. मी जाळीबद्दल काय बोललो ते मला आठवत नाही. ते हसणं आठवतं.

माझं नाव गाळलं असतं तर लोक म्हणाले असते, नवऱ्याला पाठीशी घालते. हे मला तेव्हाही कळत होतं. कळणं वेगळं. घरी आल्यावर मी म्हटलं, "मॅडम, चहा मिळेल का?"

"असं नका ना बोलू."

"मग कसं बोलू? सांगा, मॅडम."

पहिल्या दिवशी ती चेष्टा होती. मग मी सोडलंच नाही. एवढ्याशा खोलीत एका माणसाला मॅडम म्हणून किती छळता येतं ते मला विचारा.

वर्षभरानं तिला वरून पत्र आलं. त्याच संस्थेचा मोठा कोर्स, तीन महिने दुसऱ्या गावी राहायचं. तो करून आली की फॅक्टरीची मुख्य. पॅकिंगमधून उठलेली बाई फॅक्टरीची मुख्य! सगळ्या हॉलला आधीच कळलं होतं, बायका तिला डब्यातलं गोड आणून देत होत्या. ती पत्र घेऊन माझ्यासमोर बसली.

मी म्हटलं, "जा की. पण मग परत या खोलीत येऊ नका, मॅडम. मुख्य झालात की लाउडस्पीकरवर माझं नाव पुकाराल."

ती रागावली नाही. म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, मी नाव का घेतलं?"

आणि गप्प राहिली. वर्गात शिकली तशी. मी बोलायची वाट बघत.

तीन दिवस तिनं वाट बघितली. जेवायला वाढताना, कपडे वाळत घालताना, माझ्याकडे बघायची आणि थांबायची. एवढंच म्हणायचं होतं, माझं चुकलं होतं म्हणून घेतलंस. सव्वाशे माणसं तिच्यापुढं तोंड उघडायची. मी नाही उघडलं.

चौथ्या दिवशी तिनं इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि मला मराठीत वाचून दाखवल्या. घरगुती अडचणीमुळे जाता येत नाही.

"ठीक आहे?" तिनं विचारलं.

"ठीक आहे," मी म्हटलं.

ती घरगुती अडचण म्हणजे मी. तिनं बाहेर कोणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, मलाच झेपलं नसतं. खुर्चीत बाहेरचा माणूस आला. त्याला पॅकिंगमध्ये एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत त्यानं काम बाहेर कंत्राटावर द्यायचं ठरवलं आणि महिनाअखेरीला हॉल बंद म्हणून नोटीस लावली. त्या खुर्चीत ती असती तर हॉल वाचला असता का, मला माहीत नाही. बायकांना वाटायचं वाचला असता. घाबरट म्हणून त्या तिच्याशी धड बोलेनाशा झाल्या. ती ऐकून घ्यायची. घरी येऊन भाजी निवडायची.

ती गेली त्या रात्री मेव्हण्यानं सांगितलं होतं, सोमवारी सकाळी सातला स्मशानात या, अस्थी वेचायच्या आहेत. मी साडेसहालाच बाहेर पडलो आणि कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. सुतकात, अनवाणी. वॉचमननं स्टूल दिलं, मी बसलो नाही. पहिल्या पाळीच्या बायका आल्या. बातमी पोचली होती, त्या रडायला लागल्या. मी म्हटलं, "रडू नका, आधी ऐका. ती घाबरली नव्हती. मी जाऊ दिलं नाही. तिनं माझं नाव घेतलं म्हणून."

मग तिला घाबरलात म्हणणारी बाई पुढे आली. "हे ती जिवंत असताना बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

भोंगा झाला, त्या आत गेल्या. साडेआठच्या पाळीच्या बायका अजून यायच्या होत्या, त्यांनाही सांगायचं होतं. मेव्हणा तिकडे वाट बघत असणार हे माहीत होतं. मी गेटवरच उभा राहिलो.