सोड गं बाय

भोरजवळ आमचा साठ गायींचा गोठा आहे. दूध काढायचं मशीन सडांना लावण्याआधी आबा, म्हणजे वडील, प्रत्येक गाईला थाप मारून म्हणायचे, "सोड गं बाय." मग ती पान्हा सोडायची. धाकटा भाऊ त्याचे व्हिडिओ टाकायचा. मशीनला कसली थाप अन् कसलं काय, म्हणून मी चिडायचो.

आबा गेले. मला रडू आलं नाही. तेराव्यानंतरही गोठ्यातली सगळ्यात म्हातारी गाय पान्हा सोडीना, तेव्हा भावानं आबांचा व्हिडिओ लावून मोबाईल तिच्या कानाशी धरला. "सोड गं बाय." नळीतून दूध धावलं. भाऊ हुंदके देऊ लागला. मी नुसता बघत होतो.

व्हिडिओत आबा पुढं म्हणाले, "थोरला कुठं हाय? कॅन भर म्हणावं त्याला."

मी उठलो आणि कॅन भरला.