बडग्याच्या अंगावरचा फ्रॉक

तो फ्रॉक मी माझ्या हातानं दिला. हे आधीच लिहून ठेवते. पुढं लिहिताना मला राग येणार आहे, आणि रागात माणूस स्वतःची चूक तेवढी सोडून देतो.

पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी आमच्या गल्लीतली माणसं जुने कपडे मागायला दारोदार येत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, निघते आणि तिच्यामागं बडगे. बडग्या म्हणजे बांबू, तणस आणि चिंध्यांचा पुतळा. त्या वर्षी लोकांना ज्याचा त्रास झाला असेल त्याचा पुतळा करायचा, ओरडत मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. त्याच्यासोबत घरातली ईडापीडा जाते, म्हणून कपडे मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. कशाला पाहिजे, हेही कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. मुलीला आखूड झालेला पिवळा फ्रॉक पेटीतून काढला आणि देऊन टाकला. त्याच्या घेरावर इस्त्रीनं जळल्याचं भोक होतं, त्यावर मी हिरव्या कापडाचं पान लावलं होतं.

आता त्या दुकानाचं सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकजण सायकली भाड्यानं देत असे. त्यानं बर्डीच्या बाजारातून व्हिडिओ गेमच्या दोन जुन्या पेट्या आणल्या आणि सायकली बाहेर काढून आत त्या मांडल्या. कपाटाएवढी पेटी, वर टीव्हीसारखी काच, खाली दोन दांड्या. एका दांडीवर एक माणूस, दुसरीवर दुसरा. काचेवर एक पूल दिसायचा आणि दोन ठेंगणी माणसं. एकमेकांना पुलावरून खाली पाडायचं, एवढाच तो खेळ. शेजारी कोण उभा आहे याला महत्त्व नव्हतं. शाळेतलं पोर असो, कॉलेजातला असो, की गॅरेजमधला काळ्या हाताचा माणूस असो, पाळी आली की दांडी धरायची.

माझी मुलगी नऊ वर्षांची होती, चौथीत. एक दिवस मी गिरणीवरून दळण घेऊन येताना तिला त्या दुकानात पाहिलं. पायाखाली लाकडी खोकं घेऊन उभी होती. शेजारी मिशीवाला, हातात मोठं घड्याळ घातलेला माणूस. मी हाक मारली नाही. मला चारचौघांत हाक मारता येत नव्हती.

घरी आल्यावर ती भातुकली मांडून बसली आणि खेळता खेळता बाहुलीला एक शिवी दिली. अर्थ तिला ठाऊक नव्हता. सासूबाईंनी ती ऐकली आणि त्याच दिवशी घरात निकाल लागला, की पोरगी बिघडली. शेजारच्या दोन खोल्यांत यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे राहत. सासूबाईंनी त्यांना सांगितलं. गल्लीच्या मंडळाचे ते मुख्य, त्यांचा शब्द मोठा. मुलीला खोलीत कोंडा, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्याशी ते बोलत नसत. आमच्याकडे भासऱ्यासमोर सून डोक्यावर पदर घेऊन उभी राहते, बोलायचं असेल तर ते नवऱ्यामार्फत.

हे रेल्वेत होते. ड्यूटीवरून आल्यावर यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "तू पाहून ये. तुले जसं वाटन तसं ठरव." लग्नाला बारा वर्षं झाली होती. घरातलं काही ठरवायचं माझ्याकडे पहिल्यांदा आलं होतं. भाजी कोणती करायची हेसुद्धा सासूबाई सांगत.

म्हणून मी पाहायला गेले. एकदा नाही, तीनदा. दळणाचा डबा मांडीवर घेऊन दुकानातल्या बाकावर बसायची. दुकानदार पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी त्यानं पंखा माझ्याकडे वळवला. मी खरोखर पाहिलं, डोळ्यांनी. शिव्या होत्या, त्या मोठ्या माणसांच्या होत्या. हरलं की ते पेटीला थापड मारत आणि शिवी देत, लहान पोरं ती उचलत. तो घड्याळवाला मुद्दाम लहान मुलांशी खेळायचा, कारण त्यांना हरवायला सोपं. मुलं डोळ्यांची उघडझाप विसरून जात. माझी मुलगी दोनदा जेवण विसरली होती, तेही खरं.

पण दुसरंही पाहिलं. तिच्या बाई मला शाळेत बोलावून सांगत, की हजेरीला तिचा आवाज ऐकू येत नाही. तीच पोरगी तिथं दोन मोठ्या पोट्ट्यांना म्हणाली, "आता माही पाळी होय, सरका." आणि ते सरकले. दोघांना तिनं पुलावरून पाडलं. मी बाकावर बसून होते आणि मला हसू आवरत नव्हतं. काय करायचं ते मला लगेच कळलं नाही. तिला अजिबात जाऊ न देणं बरोबर वाटेना, आणि त्या माणसांमध्ये एकटी सोडणंही बरोबर वाटेना. किती दिवस, किती वेळ, कोणासोबत, हे मी मनात मांडून पाहत होते. त्याला वेळ लागतो. मी वेळ घेत होते.

गल्लीला वेळ लागला नाही. भासऱ्यांच्या ओट्यावर मंडळाची बैठक झाली. मी चहा नेऊन दिला तेव्हा ठरत होतं, की यंदाचा बडग्या व्हिडिओ गेमचा. मला वाटलं, एक मोठी पेटी करतील, तिला दांड्या लावतील. वाईट वाटलं नाही. शिव्या देणाऱ्यांचीही एखादी नक्कल करतील, असंही वाटलं.

मारबतीच्या दिवशी दुपारी आम्ही ओट्यावर उभ्या होतो. मी, सासूबाई, आणि पुढं माझी मुलगी, मुलांच्या तान्ह्या पोळ्यासाठी सजवलेला लाकडी बैल हातात धरून. ताशे आले. मग हातगाडीवर बडग्या आला.

ती मुलगी होती. कागदाचं तोंड, काजळानं मोठे केलेले डोळे, काळ्या सुतळीच्या दोन वेण्या. हातात पुठ्ठ्याची पेटी. गळ्यात पाटी, 'शाळा बुडवे, गेम खेळे'. अंगात पिवळा फ्रॉक. घेरावर हिरवं पान.

गाडीचा दोर जे पोट्टे ओढत होते ते सगळे त्या दुकानात रोज उभे राहणारे. त्यांना मी ओळखत होते, तीन दिवस त्यांच्याच मागं बसले होते. घड्याळवालाही गर्दीत होता, तोही ओरडत होता, ईडापीडा घेऊन जा गे मारबत. समोरच्या घरातल्या पोरींनी माझ्या मुलीकडे बोट दाखवलं. एकजण म्हणाला, "अरे, दोन दोन होय गा हे तं. एक गाडीवर अन् एक ओट्यावर." सगळे हसले.

मुलीनं आधी फ्रॉककडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"तूनं देला?"

मी हो म्हणाले. पुढचं सांगायला तोंड उघडलं तोवर ती आत गेली होती. बैल ओट्यावर ठेवून गेली.

त्यानंतर मी काय केलं ते अजूनही मला दुसऱ्या कोणीतरी केल्यासारखं वाटतं. पायऱ्या उतरले आणि गाडीसमोर जाऊन उभी राहिले. ताशे थांबले. भासरे पुढं होते. त्यांनी माझ्याकडं न पाहता यांना हाक मारली, "हिले घरात जा म्हन." हे ड्यूटीवर होते, गर्दीत नव्हतेच. ते भासऱ्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यामुळे तो निरोप माझ्यापर्यंत आणणारा कोणी नव्हता, आणि माझं उत्तर नेणाराही कोणी नव्हता.

मी सरळ त्यांनाच म्हणाले, "भाऊजी, तुमी त्या दुकानात एकदा तरी गेले का? मी तीनदा बसून आली. तिथं सारे पोट्टे अन् माणसं राह्यते. हे दोर ओढून राहिले ना, हेच. तुमाले वेणीच काहून सुचली?"

मागून कोणीतरी म्हणालं, की वहिनीले बोलता येते हे आजच माहीत पडलं. पुन्हा सगळे हसले. भासरे म्हणाले, आणि या वेळी मलाच म्हणाले, "कोनाचं नाव लिवलं का त्याच्यावर? साऱ्या गल्लीची पीडा जाते त्यात."

"नाव नाही लिवलं," मी म्हणाले. "फ्रॉक लिवला."

मी गाडीवर हात टाकला आणि फ्रॉकची बटणं काढू लागले. तेव्हा सासूबाई ओट्यावरून ओरडल्या. बडग्याच्या अंगावर चढलेलं परत घरात आणायचं नसतं. त्याच्यासोबत बाहेर निघालेली पीडा उंबऱ्याच्या आत येते. हे मलाही ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, माझाही त्यावर विश्वास होता, आजही थोडा आहे. माझे हात थांबले. घरात एकच लेकरू होतं आणि मी तिच्या उंबऱ्यावर काय नेणार होते.

पण न नेलं तर तो जळणार होता. तिच्या मापाचा, तिच्या घामाचा, वेण्यांसकट. कोणत्या आईनं ते पाहावं. ज्यांनी तो चढवला त्यांना हा विचार शिवला नाही, आणि पीडेची भीती मात्र मला घालत होते.

मी फ्रॉक काढला. तणस माझ्या अंगावर सांडली. घरात नेला नाही. गल्लीच्या नळावर जाऊन तोटीखाली धरला, धुतला, पिळला आणि नळाच्या खांबाला बांधून ठेवला. संध्याकाळपर्यंत तो कोणीतरी नेला असेल. मी पुन्हा पाहिलं नाही. गाडी पुढं गेली, बडग्याला कोणीतरी आपला गमछा गुंडाळला.

मुलगी मोरीजवळ बसली होती. मी सांगितलं, की मला माहीत नव्हतं. तिनं मान हलवली. ती मान मला ओळखीची आहे, मीही तशीच हलवते, समोरच्यानं बोलणं थांबवावं म्हणून. मग तिनं एवढंच विचारलं, "मीच पीडा होय का गल्लीची?" मी नाही म्हणाले. पण जिच्या हातानं फ्रॉक गेला तिच्याच तोंडातून आलेलं 'नाही' तिला किती पटणार.

त्यानंतर काय झालं पाहा. दुकान चालू राहिलं. पोट्टे जात राहिले. भासऱ्यांचा धाकटाही जात राहिला, त्याला कोणी कोंडलं नाही. शिव्या देणारे शिव्या देत राहिले. फक्त एक खोकं रिकामं झालं. सासूबाई म्हणाल्या, पाहा, सुधारली की नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. मी त्या खेळाच्या बाजूनं नव्हते. मी ठरवत होते. एका लहान मुलीनं अनोळखी माणसांसोबत काय खेळावं, किती खेळावं, हा प्रश्न खरा होता, त्याला खरं उत्तर द्यायचं होतं. गल्लीतल्या लोकांनी प्रश्न गाडीवर बसवला, त्याला वेण्या घातल्या आणि जाळून मोकळे झाले. आणि जे जळायला हवं होतं ते दोर ओढत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मी तिला म्हणाले, "चाल, दुकानात." ती नाही म्हणाली. मी म्हणाले, "दुसरी दांडी मी धरतो." तेव्हा ती उठली.

दुकानात तीन-चार जण होते. मी दुकानदाराला सांगितलं, की आमचं होईपर्यंत या पेटीजवळ मोठं माणूस नको. तो म्हणाला, "ठीक है भाभी." एवढंच लागत होतं. गल्लीतल्या एकाही पुरुषाला हे एक वाक्य बोलता आलं नव्हतं.

मला दांडी कळेना. माझा ठेंगणा माणूस भिंतीकडं तोंड करून चालायचा. तिनं मला पुलावरून पाडलं. पुन्हा पाडलं. ती हसत नव्हती. दात ओठावर रोवून पाडत होती, मी उठले की पाडत होती, आणि मला कळलं की ती कशासाठी पाडते आहे. मी उठत राहिले.

मग काचेवरची नजर न काढता ती म्हणाली, "तुले खरंच माहीत नव्हतं?"

मीही काचेकडंच पाहत होते. तोंडाकडं पाहून आम्हा दोघींना हे बोलता आलं नसतं. मी म्हणाले, "नव्हतं. पण इचारायले पाह्यजे होतं, कायले पाहिजे म्हणून. ते माही चूक."

तिचा माणूस पुलावर उभा होता, माझा आला, तिनं त्याला पाडलं नाही. मग थोड्या वेळानं म्हणाली, "दांडी अशी नाही धरत वं आई, ढिली धर."

दुसऱ्या दिवशी भासऱ्यांनी यांना निरोप दिला, की तुझी बायको दुकानात उभी राहून खेळते, लोक हसतात. यांनी तो मला सांगितला आणि माझ्याकडं पाहत राहिले. मी म्हणाले, ठरलं आहे. आठवड्यातून एक दुपार, जेवण झाल्यावर, मी सोबत, मोठ्या माणसांशी नाही. हे उठले आणि शेजारी जाऊन ते तसंच्या तसं सांगून आले.